आवडती कादंबरी चारचौघांत कशी वाचायची (आम्ही ‘बनगरवाडी’ वाचली तशी)

सगळ्यात आधी “अरे वाच ना, काय जबरदस्त पुस्तक आहे” हे वाक्य बोलणं बंद करा. हे ऐकून कुणी पुस्तक वाचल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. समोरचा “हो हो, लिस्टमध्ये टाकतो” म्हणतो आणि त्या लिस्टचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहितीये, आपलीही एक असतेच की. त्यापेक्षा पुस्तक बॅगेत ठेवा, संधी मिळाली की दीड-दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा आणि गप्प बसा. लेखक किती थोर ते सांगायचं नाही, “पुढे तर अजून भारी आहे” हे पण नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीबद्दल आहे, म्हणजे वाचून दाखवायचं, पण कुणासमोर, कुठे बसून, किती वेळ, आणि नंतर लोक वाद घालायला लागले की आपण काय करायचं (बहुतेक वेळा काहीच नाही).

उदाहरण मी ‘बनगरवाडी’चंच घेणार, कारण एक तर ती माझी लाडकी आणि दुसरं म्हणजे या कामाला तिच्याइतकं सोयीचं पुस्तक मला दिसत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालची. लहानशी आहे, हातात घेतल्यावर कुणाला धडकी भरत नाही. छोटे छोटे प्रसंग आहेत, त्यामुळे कुठेही थांबता येतं. आणि वाक्यं बोलल्यासारखी आहेत, वाचणाऱ्याला दम लागत नाही. तुमची लाडकी कादंबरी वेगळी असेल तर जरूर ती घ्या, फक्त एक बघा की ती मोठ्याने वाचताना जीभ अडखळते का. काही पुस्तकं मनात वाचायलाच चांगली असतात, त्यात त्यांची चूक नाही, पण पाचशे पानांची चिंतनशील कादंबरी घेऊन पहिल्याच शनिवारी लोकांना बसवलंत तर दुसऱ्या शनिवारी तुम्ही आणि तुमची आईच असाल, आणि आई पण स्वयंपाकघरात.

गोष्ट किती सांगायची हा मोठा प्रश्न असतो. माझं म्हणणं, दोन वाक्यं. “औंध संस्थानात एका धनगरवाडीत एक तरुण पोरगा मास्तर म्हणून जातो, आणि शाळेत पोरंच नाहीत कारण पोरं मेंढरांमागे गेलीत.” झालं. यावर कुणीही विचारतं, मग? मग वाचूया. शेवट काही झालं तरी सांगायचा नाही, आणि ज्यांनी आधी वाचलंय त्यांनाही बजावून ठेवायचं, कारण त्यांना राहवत नाही. मी इथे पण सांगणार नाहीये.

आता माणसं. सहा ते दहा पुरे, त्याहून जास्त झाली की मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात. आणि सगळी साहित्यिक मंडळी गोळा करू नका हे अगदी कळकळीने सांगते. मराठी घेऊन एमए केलेला एक चालतो, दोन झाले की ते एकमेकांशीच बोलतात. मला विचाराल तर एक शाळकरी पोर, एक आजी किंवा आजोबा, एक “मी वाचत वगैरे नाही” म्हणणारा, एक इंग्लिश मीडियमवाला, आणि शक्य असेल तर एक सातारा-सांगली-सोलापूर पट्ट्यातला माणूस हवाच. मुंबईत हे अवघड नाही. गिरण्यांसाठी, माथाडीसाठी, पोलिसात भरतीसाठी घाटावरून आलेली घरं प्रत्येक उपनगरात आहेत, फक्त आपण शेजाऱ्याला गाव कुठलं ते कधी विचारलेलं नसतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका आटपाडीकडचे निघाले, इतकी वर्षं मी त्यांना फक्त पार्किंगवरून भांडताना पाहिलं होतं.

बोलावणं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा पण ‘वाचनकट्टा’, ‘अभिवाचन’, ‘रसिक’, ‘आस्वाद’ असले शब्द टाळा, लोक घाबरतात, त्यांना वाटतं सतरंजीवर बसून भाषण ऐकावं लागणार. असं काहीतरी लिहा:

“शनिवारी संध्याकाळी ६ ला आमच्याकडे एका कादंबरीची सुरुवातीची पानं वाचणार आहोत. पुस्तक विकत घ्यायची गरज नाही, वाचून यायची गरज नाही, बोलायची सक्ती नाही. चहा आहे. साडेसातला नक्की संपेल.”

यातलं शेवटचं वाक्य मुंबईत सगळ्यात महत्त्वाचं. डोंबिवलीला किंवा विरारला परत जायचंय त्याचं अर्धं लक्ष इंडिकेटरवर असतं, त्याला संपायची वेळ आधी कळली तर तो निवांत ऐकतो. आणि ती वेळ पाळा, प्रसंग कितीही रंगात आलेला असो, साडेसातला पुस्तक बंद. मध्येच तुटलं तर चांगलंच की, लोक पुढच्या वेळी येतात. रविवार दुपार अजिबात ठेवू नका, मेगाब्लॉक असतो, अर्धी माणसं येत नाहीत आणि जी येतात ती पहिला अर्धा तास ठाणे-कुर्ला कसं केलं तेच सांगत बसतात.

जागेचं काय, तर घर असेल तेवढं पुरतं. वन बीएचकेच्या हॉलमध्ये आठ जण बसतात, सोफा, दिवाण, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बाकीचे खाली. सोसायटीचं ऑफिस मिळालं तर मागून घ्या पण सेक्रेटरीला पण बोलवा, नाहीतर पुढच्या वेळी किल्ली सापडत नाही. गच्ची थंडीत मस्त, पावसाळ्यात प्रश्नच नाही. शिवाजी पार्कचा कट्टा खूप जणांना सुचतो, ऐकायला छान वाटतं पण तिथे आवाज पोचत नाही, एकीकडे क्रिकेट एकीकडे जॉगिंगवाले, दोन पानांत घसा बसतो. ट्रेनमध्ये ग्रुपने वाचायचा पण लोकांना मोह होतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये जिथे श्वास घ्यायला जागा नाही तिथे कसली कादंबरी. हां, दुपारच्या स्लोला खिडकी मिळाली तर शेजारणीला एक पान वाचून दाखवा, ते चालतं, मी करते.

पुस्तकाच्या प्रती. दहा जणांना दहा प्रती लागत नाहीत, सुरुवातीला तर एकच पुरते आणि ते बरंही असतं, कारण सगळ्यांच्या हातात पुस्तक असलं की लोक पुढे पुढे वाचत सुटतात आणि ऐकत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर ज्याला हवी तो आपणहून घेतो. दादर स्टेशनबाहेरच्या मराठी पुस्तकांच्या दुकानात विचारा, नसेल तर मागवून देतात. लायब्ररीतून आणायची तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, शाखाही आहेत. ठाणेकरांनी इकडे यायची गरज नाही, त्यांचं ग्रंथसंग्रहालय तर आपल्याहून जुनं, १८९३ चं, आणि ते ते कधी विसरू देत नाहीत. फोर्टातल्या फुटपाथवर जुनी प्रत मिळाली तर नशीब. वेगवेगळ्या आवृत्त्या जमल्या की पान नंबर जुळत नाहीत, मग “पान त्रेपन्न काढा” म्हटलं की गोंधळ, त्यापेक्षा “तालीम बांधायचं ठरतं तिथून” असं प्रसंगावरून बोला. पीडीएफ ग्रुपवर टाकायची नाही, कुणी टाकली तर अ‍ॅडमिनने उडवायची. माडगूळकर २००१ ला गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. याच कारणाने सगळी कादंबरी रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवायचा उत्साह पण आवरा, घरात बसून वाचा की हवी तितकी.

आता मुख्य काम, वाचणं.

पहिलं वाचन तुम्ही करा, दहाएक मिनिटं, त्याहून जास्त नाही. सुरुवातच घ्या, मधला ‘गाजलेला’ तुकडा काढू नका. पहाटे अंधारात तो मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, पायी वाडीकडे निघालाय, नवी नोकरी, पोटात गोळा, आणि वाडीत पोचतो तर त्याची वाट बघणारं कुणी नाही. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी गेलोय आणि रिसेप्शनवर आपलं नावच माहीत नाही, हे ज्याने अनुभवलंय तो इथेच आत येतो, त्याला माणदेश, म्हणजे ही वाडी ज्या भागातली तो, कुठे आहे ते माहीत नसलं तरी. मग पुस्तक शेजारच्याकडे द्या. नको म्हणणाऱ्याला आग्रह नाही, तो पुढच्या वेळी स्वतः मागतो.

नाटकी वाचायचं नाही. हे सांगायला लागतं कारण मुंबईत प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक जण एकांकिका स्पर्धेत काम केलेला असतो आणि तो गोष्टीतल्या कारभाऱ्याचा, म्हणजे वाडीच्या म्होरक्याचा, आवाज काढतो, पुढे आयबूचा काढतो, मग सगळे हसतात आणि गोष्ट गेली. आमच्याकडे सगळ्यात चांगलं वाचलं ते समोरच्या काकूंनी, ज्या खरं तर चहाला आल्या होत्या. चष्मा नाकावर, बोट ओळीखाली, लाइटबिल वाचावं तसा एकसुरी आवाज, स्वल्पविराम आला की थांबायचं, पूर्णविराम आला की जरा जास्त थांबायचं. त्यांच्या वाट्याला अंजीचा भाग आला, कारभाऱ्याची ही मुलगी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते आणि त्यावरून गावात कुजबुज सुरू होते तो. काकूंनी एक शब्द रंगवला नाही. आणि वाचता वाचता त्या मध्येच थांबल्या, बोट तिथेच, म्हणाल्या, “आता हिचं काही खरं नाही,” आणि परत त्याच आवाजात पुढे. खोलीतली सगळी माणसं पुढे सरकून बसली. माडगूळकरांचं लिखाणच असं आहे की ते कमी बोलतात, त्यात आपण भर घातली की बिघडतं.

बोलीभाषेची भीती बाळगू नका. संवादांमधली माणदेशी बोली शहरी तोंडात सुरुवातीला विचित्र वाटते, पोरं फिदीफिदी हसतात, हसू द्या. प्रत्येक शब्दाला थांबून अर्थ सांगत बसायचं नाही, संदर्भाने कळतं, आणि नाही कळलं तरी गोष्ट अडत नाही. इथेच तो घाटावरचा माणूस कामाला येतो. आमच्या काकांनी पहिले दोन शनिवार तोंड उघडलं नाही, तिसऱ्याला कुणीतरी धनगराचं बोलणं पुणेरी करून वाचलं तेव्हा त्यांना सहन झालं नाही, “आणा इकडं” म्हणून पुस्तक घेतलं आणि तो संवाद वाचला, मान खाली, एकदम घरच्या आवाजात. नंतर स्वतःच सांगायला लागले, मेंढरं रात्री बसवायची कशी, कुत्री कशी असतात, ७२ च्या दुष्काळात त्यांच्या घरातलं कोण कोण मुंबईला आलं. तो सगळा वेळ वाचायचं राहिलं आणि मी घड्याळ पाहिलं नाही. साडेसातचा नियम त्या दिवशी मोडला, तेवढा मोडावा.

माहिती द्यायचा मोह सगळ्यांना होतो, गूगल करून येतात लोक. माहिती चांगलीच पण प्रसंग आल्यावर, आणि पाच मिनिटं, आधी प्रस्तावना म्हणून नको. पुढच्या दोन-तीन गोष्टी मात्र खरंच उपयोगी पडतात.

एक म्हणजे औंध. पुस्तकात वाडीच्या तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, आणि मुंबईतल्या पोराला वाटतं राजा म्हणजे हत्ती-घोडे-तलवारी. तेव्हा सांगा की औंधचं संस्थान लहानसं होतं, तिथले बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रचाराने गाजलेले, चित्रकार माणूस, आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हाती द्यायचा प्रयोग केला होता. आता वाचा तो प्रसंग, गावाने तालमीसाठी का जीव टाकला ते वेगळंच दिसतं. याच संस्थानात कैद्यांची खुली वसाहत केली होती, आणि त्यावरून निघालेल्या व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमाची गोष्ट ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, म्हणजे व्यंकटेशांचे थोरले भाऊ. हे पण सांगून टाका कारण बैठकीत कुणीतरी “गीतरामायणवाले माडगूळकर ना?” विचारतंच, आणि आपण “नाही, ते मोठे” म्हणायचं.

दुसरी गोष्ट पाऊस. मुंबईकराला दुष्काळ शब्दाने कळत नाही, आपल्याकडे पाणीकपात दहा टक्के झाली की आपण वर्तमानपत्राला पत्र लिहितो. माणदेश म्हणजे माण, आटपाडी, सांगोला हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, ढग घाटावर रिकामे होऊन पुढे जातात. तिथे वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी पडतो. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तो दिवस बैठकीतल्या प्रत्येकाला आठवतो, कोण कुर्ल्यापासून चालत आलं, कोण रात्रभर बसमध्ये. म्हणजे त्यांच्याकडचा दोन वर्षांचा पाऊस आपण एका दिवसात गटारात सोडला. हे सांगून झाल्यावर मी काही बोलत नाही, पुस्तकातली पाऊस न येण्याची पानं वाचायला घेते.

आणि तिसरी गोष्ट जरा जपून. पुस्तकात रामोशी आहेत, आणि त्या काळच्या नजरेने गाव त्यांच्याकडे चोर म्हणून बघतं. इंग्रजांनी अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, स्वातंत्र्यानंतर त्यांना विमुक्त म्हटलं गेलं, शिक्का मात्र लोकांच्या डोक्यातून इतक्या लवकर जात नाही. हे मोकळेपणाने बोला, गुळमुळीत नको आणि चेष्टा तर मुळीच नको, खोलीत कोण बसलंय ते आपल्याला आडनावावरून कळतंच असं नाही. माझं मत विचाराल तर माडगूळकर इथे बऱ्याच लेखकांपेक्षा चांगले उतरतात, कारण ते रामोश्याला गुन्हेगार पण करत नाहीत आणि देवमाणूस पण करत नाहीत, एक माणूस म्हणून बघतात. पण हे माझं मत आहे, तुमच्याकडे कुणी वेगळं म्हणालं तर ऐकून घ्या, त्याच्याकडे कारण असेल.

वाचून झाल्यावर “कसं वाटलं?” असं चुकूनही विचारू नका. याला “छान” याशिवाय उत्तर नसतं. त्यापेक्षा “कुठे थांबावंसं वाटलं?” विचारा, किंवा प्रत्येकाला सांगा की घरी चाळताना एका पानात खूण घालून आण, तिकीट, पावती, काहीही, आणि ते पान वाचून दाखव, कारण नाही सांगितलंस तरी चालेल. यातून जे निघतं ते कुठल्या समीक्षेत सापडत नाही. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी रामा बनगराच्या साठवलेल्या रुपयांचं पान घेऊन आली, म्हणे माझ्या काउंटरवर पण अशी माणसं येतात, पैसे फडक्यातून काढतात. शाळेतला मुलगा पोरं शाळेत येत नाहीत तेच पान घेऊन आला, आणि त्याचा हेतू स्पष्ट होता.

मी स्वतः प्रत्येक वेळी शेकूच्या बायकोचं पान काढते. बैलाची जोडी मोडलीये, पेरणी तर झाली पाहिजे, आणि ती बाई उरलेल्या बैलाच्या शेजारी स्वतः जू खांद्यावर घेते. लेखक इथे अश्रू ढाळत नाही, “अरेरे” नाही, “धन्य ती नारी” तर नाहीच. आमच्याकडे यावरूनच मोठा वाद झाला. एकीने विचारलं की हिला नाव का नाही, सगळं पुस्तक पुरुषांचं आहे, बाया नुसत्या येतात, राबतात आणि जातात. दुसरा म्हणाला, मास्तर तरुण परका पुरुष, त्याला बायकांच्या गोटात प्रवेशच नव्हता, तो सांगेल तेवढंच आपल्याला दिसणार. मला दोन्ही पटतं, अजून. मी काही निकाल दिला नाही आणि तुम्हीही देऊ नका. आपल्या लाडक्या पुस्तकावर कुणी टीका केली की आतून तडतडतं, माहितीये, पण ज्या पुस्तकावर भांडण होतं ते पुस्तक लोक घरी जाऊन परत उघडतात, आपल्याला तेवढंच हवंय ना.

आणि एक माणूस म्हणणारच की यात काही घडतच नाही. आमच्याकडे म्हणाला. त्याला पटवायला जाऊ नका. त्याला फक्त पुढचं पान वाचायला द्या. आमचा हा माणूस शेवटपर्यंत “काही घडत नाही” म्हणत राहिला आणि एकही शनिवार चुकवला नाही.

इंग्लिश मीडियमच्या पोरांसाठी, राम देशमुखांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ नावाने, लायब्ररीत मिळालं तर बघा. पण माझा अनुभव असा की ही पोरं ऐकून समजतात, वाचताना अडतात ते देवनागरीच्या वेगाला. त्यांना आधी ऐकू द्या, वाचायला एकच परिच्छेद द्या आणि आजीला शेजारी बसवा.

सिनेमा शेवटी, पुस्तक संपल्यावरच. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये केलाय, पटकथा खुद्द माडगूळकरांची, त्यामुळे “पुस्तकाची वाट लावली” म्हणायची सोय नाही. आधी दाखवलात तर कारभाऱ्याचा चेहरा कायमचा ठरून जातो, आणि प्रत्येकाच्या डोक्यातला वेगळा कारभारी ही तर खरी मजा. बघून झाल्यावर एकच प्रसंग घ्या, पुस्तकातला आणि पडद्यावरचा, काय गाळलं आणि काय दाखवलं. सगळा सिनेमा सोलत बसू नका, जेवायची वेळ झालेली असते.

खाण्यावरून आठवलं, चहा-बिस्किटाच्या वर जायचं नाही. एकदा कुणी बटाटेवडे आणले की पुढच्याला इडली आणावी लागते, मग साबुदाणा खिचडी, आणि हळूहळू ती भिशी होते. दोन भाग वाचून झाले की मध्ये चहा, वाचताना कपबशा वाजवायच्या नाहीत, एवढं पुरे.

पुस्तक संपलं की तुमची प्रत देऊन टाका. हे जिवावर येतं, त्यात पेन्सिलीच्या खुणा असतात, पण कपाटात ठेवलेली प्रत कुणाला काही सांगत नाही. पहिल्या कोऱ्या पानावर जितक्यांनी वाचली तितक्यांची नावं आणि तारीख लिहा, आणि अट एकच, वाचून पुढच्याला द्यायची आणि देताना एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं. आमची प्रत सध्या कल्याणच्या पुढे कुठेतरी आहे. परत येईल का माहीत नाही, मी दुसरी घेतली.

काही मंडळींना मग माणदेश बघायला जायची हुक्की येते. जा, पण मे महिन्यात सहलीला आल्यासारखं टँकरच्या रांगेचे फोटो काढायला नको, आणि “बनगरवाडी कुठंय हो?” विचारत फिरू नका, तिथल्या माणसांना त्यांची त्यांची कामं आहेत. आमच्या काकांनी दिवाळीनंतर गावाला चला म्हटलंय, त्यांच्या घरी, त्यामुळे आमचं जमेल.

पुढचं पुस्तक लगेच सुरू करू नका, तीन-चार आठवडे जाऊ देत, लोकांनी आपणहून विचारलं पाहिजे की आता काय. आणि ते निवडायचा मान तुमचा नाही, एकदा तुमचं लाडकं वाचून झालंय. आमच्याकडे तो “काही घडत नाही” वाल्याला दिला. त्याने साडेचारशे पानांची खुनाची कादंबरी सुचवलीये, माझा विरोध आहे, काकूंचा पाठिंबा आहे, शनिवारी मतदान.